बहिणीची वजन कमी करायची सर्जरी आहे, मानसशास्त्रज्ञाच्या मुलाखतीत काय उत्तरं दिली म्हणजे रिपोर्ट चांगला येतो? आणि किती वेळा जावं लागतं?

भाऊ विचारतोय हे वाचलं आणि आधी रागच आला, खोटं कशाला बोलू. हाच प्रश्न माझ्या दादाने माझ्यासाठी विचारला होता, असा ऑनलाइन नाही, मित्राच्या कुठल्यातरी मित्राला फोन करून, आणि मग बसून माझ्याकडून उत्तरं पाठ करून घेतली होती. रात्री उठून खातेस का? नाही. डिप्रेशन? कधीच नाही. घरचे पाठीशी आहेत का? एकदम. खाल्ल्यावर अपराधी वाटतं का? चारचौघांना वाटतं तेवढं. हे शेवटचं त्याला स्वतःलाच फार आवडलं होतं, म्हणे असं थोडंसं कबूल केलं की बाकीचं खरं वाटतं.

पाऊण तासात बाहेर आले, रिपोर्ट क्लिअर. दादाने टाळी दिली.

खरं काय होतं तर मी सतरा वर्षांची असल्यापासून रात्री दोनला उठून खायचे. भूक म्हणून नाही. आणि रिकामी पाकिटं कचऱ्याच्या डब्यात वर दिसू नयेत म्हणून खाली दाबून ठेवायचे. हे दादाला माहीत होतं, एकदा त्याने पकडलंही होतं. तरी त्याच्या मते ते सांगायची गरज नव्हती, कारण ‘एकदा पोट छोटं झालं की आपोआप बंद होईल’.

माझी स्लीव्ह नावाची सर्जरी झाली. त्यात जठराचा, म्हणजे पोटातल्या पिशवीचा, ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, आणि भुकेचं जे घ्रेलिन नावाचं हार्मोन असतं ते जास्त करून त्याच भागात बनतं, त्यामुळे पहिले काही महिने भूक लागते म्हणजे काय होतं हेच मी विसरले. दोन घासात बास. ११८ किलोवरून तेराव्या महिन्यापर्यंत ७९ वर आले. सगळं मस्त. फक्त रात्री दोनला जाग यायचीच. तेव्हा कळलं की मी ज्याला भूक म्हणत होते त्यातली निम्मी भूक नव्हतीच, खरी गेली आणि ही दुसरी होती तिथेच बसून राहिली, आणि आता तिला द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

मग चौदाव्या महिन्यात दादाने फॅमिली ग्रुपवर माझा आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी लावून टाकला, न विचारता. खाली ‘प्राउड ऑफ यू’. पन्नासेक मेसेज आले. ‘ओळखूच येत नाहीस’, ‘आता कशी माणसात आलीस’. माणसात! म्हणजे आधी कशात होते? डाव्या बाजूच्या फोटोत मी भाचीला कडेवर घेऊन हसत होते, माझा आवडता फोटो होता तो, आणि सगळे त्याच्याकडे बघून सुटली बिचारी म्हणत होते. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि रडताना हेही वाटत होतं की रडायला झालंय काय, हेच तर हवं होतं ना. त्या रात्री आइस्क्रीमचा डबा घेऊन दोन तास बसले, एकेक चमचा. ज्यांची झालीये त्यांना माहीत असेल, एकदम भरपूर खाता येत नाही पण मऊ, गोड, पातळ, थोडं थोडं करून कितीही जातं. तिथून सुरू झालं ते ८८ वर गेल्यावर मी काटाच पलंगाखाली ढकलला.

सहा महिन्यांनी फॉलोअपला या असं मुलाखत घेणाऱ्या मानसशास्त्रज्ञ मॅडमनी तेव्हाच लिहून दिलं होतं. गेले नव्हते, कारण दादा म्हणाला होता रिपोर्ट तर मिळाला, आता परत वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला. दोन वर्षांनी गेले, एकटी. सगळं सांगितलं, पाठ केलेली उत्तरंसुद्धा. त्यांनी जुना फॉर्म काढला आणि म्हणाल्या, अंदाज आला होता, तुमचे ‘नाही’ फार पटापट आले होते. मी म्हटलं मग थांबवलं का नाही? तर म्हणाल्या, थांबवलं असतं तर तुम्ही दुसरीकडे जाऊन हेच बोलला असता, मला वाटलं निदान फॉलोअपला याल.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: चांगला रिपोर्ट वगैरे काही नसतो, ही नोकरीची मुलाखत नाही. त्यांना बघायचं असतं की खाण्यावरचा ताबा सुटतो का, उपचार न घेतलेलं डिप्रेशन किंवा व्यसन आहे का, आणि सर्जरीने काय बदलेल आणि काय नाही हे पेशंटला कळलंय का. कायमचं नाही म्हणतात असं क्वचित, जास्त करून आधी हे ठीक करू मग तारीख देऊ असं होतं. माझं तसं झालं असतं तर चार-सहा महिने उशीर झाला असता. बरं झालं असतं. किती वेळा जायचं ते सेंटरप्रमाणे बदलतं, पण तुम्ही आधीचंच मोजताय, खरी गरज लागते दुसऱ्या वर्षी. पहिलं वर्ष वजन उतरत असतं, लोक कौतुक करत असतात, मूडही बऱ्याच जणांचा सुधारतो. मग काटा थांबतो, कौतुक थांबतं, कातडी लोंबत असते आणि आपण तेच असतो. दारूचंही तसंच, २०१२ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात बायपास (हृदयाचा नाही, वजनाच्याच सर्जरीचा दुसरा प्रकार) झालेल्यांमध्ये दारूचा त्रास वाढलेला दिसला तो दुसऱ्याच वर्षी. नाती पण हलतात बरं का. स्वीडनमध्ये सर्जरी झालेल्यांमध्ये जोडपी तुटायचं प्रमाण जास्त निघालं, आणि एकटे होते त्यांची लग्नंही जास्त झाली! माझं दोन्हीतलं काही झालं नाही, मी फक्त ग्रुप म्यूट केला.

बहिणीला डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर ते मात्र लपवू देऊ नका, बायपासनंतर काही गोळ्या अंगाला पहिल्यासारख्या लागत नाहीत, डोस बघावा लागतो. आणि नंतर कधी जगणं नको वाटतंय असं काही बोलली तर वजन उतरतंय ना मग काय असं न म्हणता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. सर्जरीनंतर स्वतःला इजा करून घेण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलंय, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

आता हे वाचून ती घाबरली तर तेही चूकच. सगळ्यांचं माझ्यासारखं होत नाही, आणि मला परत विचारलंत तर मी परत करेन. शुगरची गोळी बंद झाली, झोपताना तोंडाला लावायचं मशीन सुटलं, जिना चढते. मॅडमकडे अजून महिन्यातून एकदा जाते, सध्या ८४.

तुम्ही एवढंच करा, तिला तिथे सोडा आणि बाहेर बसा. आत काय बोलली ते विचारू नका. आणि वजन उतरल्यावर फोटो टाकायचा असेल तर तिला विचारून टाका. दादा, तू पण हे वाचत असलास तर, मी तीनदा सांगितलंय, तो फोटो अजून ग्रुपच्या डीपीवर आहे.