हत्यारात हत्या शोधू नका

प्रश्न असा आलाय: ‘अमेरिकेतल्या राज्यांच्या जुन्या बंदूक-कायद्यांवरच्या एका लेखाचं भाषांतर करतोय. टेनेसीच्या घटनेत “कीप अँड बेअर आर्म्स” असा हक्क आहे. इथे “शस्त्र” लिहू की “हत्यार”? मित्र म्हणतो, हत्यार हा शब्द हत्येवरून आलाय, तेव्हा हक्काच्या कलमात तो शोभत नाही.’

मित्राला म्हणावं, आधी हिंदी वर्तमानपत्र उघड. हिंदीत ‘हथियार’ आहे, ‘थ’ असलेला. हत्येत ‘थ’ कुठून येणार? शब्द हातातून आलाय. संस्कृत हस्त, प्राकृत हत्थ, त्यावरून प्राकृतातच हत्थियार. हिंदीने ‘थ’ जपला, मराठीने सोडला: तिकडे हाथी, इकडे हत्ती, तिकडे हथौड़ा, इकडे हातोडा, तिकडे हथियार, इकडे हत्यार. इतकं सरळ असताना ‘हत्या करते ते हत्यार’ हे मी या वर्षात तिसऱ्यांदा ऐकतोय. त्यातलं एक तर व्यासपीठावरून, आणि टाळ्याही पडल्या!

लहानपणी आमच्या आळीतले सुतारकाका खंडेनवमीला रंधा, पटाशी, करवत, वाकस पुसून पाटावर मांडायचे, झेंडूचं एकेक फूल ठेवायचे आणि म्हणायचे, ‘आज हत्यारांना सुट्टी.’ त्या पाटावर कुणाची हत्या होती? हाताचं काम पुढे नेतं ते हत्यार, मग ते लाकूड तासो की माणूस. मारण्याचा धातू हवाच असेल तर तो ‘शस्त्र’मध्ये आहे. शस् म्हणजे कापणे, मारणे. मित्र ज्या सोज्वळ शब्दाकडे पळतोय, रक्त तिथेच सांडलंय.

आता खरी गंमत. इंग्रजीत हात म्हणजे ‘आर्म’ आणि हत्यारं म्हणजे ‘आर्म्स’. पहिला शब्द जर्मानिक घरातला, दुसरा लॅटिन ‘आर्मा’वरून फ्रेंचच्या वाटेने आलेला. वाटा निराळ्या, मूळ धातू एकच: ‘जोडणे, नीट बसवणे’ अशा अर्थाचा. चाकाच्या तुंब्यात बसवतात तो आपला ‘आरा’, संस्कृत ‘अर’, तोही याच कुळातला. ‘बेअर’ तर उघडउघड आपल्या ‘भृ’चा भाऊ, भार, भारा ही त्याचीच पोरं. म्हणजे ‘बेअर आर्म्स’ हे दोन्ही शब्द आपले चुलते निघाले, आणि आपण कोशात पर्याय शोधत बसलोय.

पण तुमचं भाषांतर ‘आर्म्स’पाशी अडायला नको होतं, ‘बेअर’पाशी अडायला हवं होतं. ‘बेअर’ म्हणजे नुसतं जवळ ठेवणं का? टेनेसीच्याच सर्वोच्च न्यायालयापुढे 1840 साली एमेट नावाच्या माणसाचा खटला आला. त्याने कपड्यांखाली बोवी सुरा लपवला होता. न्यायालय म्हणालं, हरणं आणि गवे यांच्या मागावर असलेला माणूस 40 वर्षं रोज रायफल घेऊन फिरला, तरी त्याने ‘आर्म्स बेअर केले’ असं कुणी म्हणणार नाही. वा! न्यायाधीश असावा तर असा, कान असलेला. आपल्याकडेही कुऱ्हाड खांद्यावर टाकून रानात निघालेल्या धनगराबद्दल ‘त्याने शस्त्र उचललं’ असं कोण म्हणतं?

‘बेअर आर्म्स’ म्हणजे लढाईसाठी शस्त्र उचलणं, हा अर्थ अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या 2008 च्या हेलर खटल्यात न्यायमूर्ती स्कालिया यांनी बाजूला सारला. ‘बेअर’ म्हणजे नेणं, बाळगणं. ‘बेअर आर्म्स’ हा सैनिकी वाक्प्रचार मानला, तर ‘कीप’सोबत ‘आर्म्स’चा एक अर्थ आणि ‘बेअर’सोबत दुसरा, असं होईल, आणि ते त्यांना हास्यास्पद वाटलं. ‘बादली भरली आणि लाथाडली’ याचा अर्थ ‘बादली भरली आणि मेला’ असा करण्यासारखं, असं ते म्हणाले. (इंग्रजीत बादली लाथाडणं म्हणजे मरणं.) साहेब कायद्यात मोठे असतील, पण ‘जेवण झाल्यावर त्याने हात धुतले आणि वर केले’ हे वाक्य मराठीतल्या शाळकरी पोरालाही कळतं, शिवाय बिल कुणी भरलं तेही कळतं.

माझा स्वतःचा एक तर्क आहे, पटला तर घ्या. हक्क देताना या घटना ‘बेअर’ म्हणतात. बंदी घालताना कायदे ‘कॅरी’ म्हणतात. व्हर्जिनियाचा 1806 चा कायदा बघा: स्वतंत्र निग्रो किंवा मुलाटो, म्हणजे मिश्रवंशीय (दोन्ही शब्द कायद्यातलेच), याने न्यायालयाच्या परवान्याविना बंदूक, बंदुकीची दारू, शिसं ‘कीप ऑर कॅरी’ करू नये. 1831 साली नॅट टर्नरच्या नेतृत्वाखाली गुलामांनी उठाव केला, आणि पुढच्याच वर्षी ती परवान्याची सोयही गेली, सरसकट मनाई. मेरीलँडचा 1806 चा कायदा तर एकाच दमात कुत्रे आणि बंदुका दोन्ही हाताळतो. स्वतंत्र काळ्या माणसाला एकच कुत्रा, तोही परवान्याने. आणि बंदूक घेऊन बाहेर पडायचं तर हा शांत, सरळ माणूस आहे असा न्यायदंडाधिकाऱ्याचा दाखला. एमेटच्या सुऱ्याबाबत कायदा ‘वेअर’ म्हणजे अंगावर वागवणं म्हणत होता, ‘बेअर’ नव्हे, तेव्हा तेही माझ्या तर्काच्या आड येत नाही, तीही बंदीच होती.

म्हणून माझं मत: बंदीला ‘बाळगणे’ लावा, हक्काला ‘धारण करणे’. ‘विनापरवाना पिस्तूल बाळगल्याप्रकरणी’ हे रोज वाचून बाळगण्याला आपल्याकडे पोलीस ठाण्याचा वास लागलाच आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, पण त्या कलमात सर्वात जपून उतरवायचा शब्द वेगळाच आहे. 1796 च्या टेनेसी घटनेत हा हक्क ‘फ्रीमेन’ना होता, आणि स्वतंत्र काळ्या पुरुषांना तिथे मतही होतं. 1834 साली नवी घटना केली तेव्हा तिथे ‘फ्री व्हाइट मेन’ आलं. मतही त्याच वेळी गेलं. एक विशेषण घातलं की झालं! 1836 साली आर्कन्सॉनेही तेच शब्द घेतले. 1792 च्या संघीय मिलिशिया (नागरिकांची फौज) कायद्यातही 18 ते 45 वयाचा धडधाकट ‘व्हाइट’ नागरिकच आहे. त्याने मस्केट, संगीन आणि 24 काडतुसं मावतील अशी पेटी स्वतःच आणायची. (काडतूस पोर्तुगीज ‘कार्तूशु’वरून, पण ते पुन्हा कधी.) नॉर्थ कॅरोलायनाच्या हक्कांच्या जाहीरनाम्यात मात्र ‘पीपल’ होतं. तिथे विशेषण घुसवायला जागा नव्हती, तर 1844 च्या न्यूसम खटल्यात न्यायालयाने नामच आखूड केलं: स्वतंत्र काळे लोक शब्दाच्या पूर्ण अर्थाने नागरिक मानता येत नाहीत, सबब त्यांच्या बंदुकीला परवाना लागणारच.

तेव्हा 1796 साठी ‘स्वतंत्र पुरुषांना’ आणि 1834 साठी ‘स्वतंत्र गोऱ्या पुरुषांना’ असं लिहा. ‘मुक्त’ नको, त्यात गुलामीतून सुटल्याचा वास येतो आणि हे गोरे कधी गुलाम नव्हते. पुढे ‘हत्यारे जवळ ठेवण्याचा व धारण करण्याचा हक्क’. हत्यारेच. आणि मित्राने पुन्हा हत्या काढली, तर त्याला हातोडा कशावरून आला ते विचारा.