आधी कपाट उघडा

मिरजेहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलाला बारावी सायन्सला ६८ टक्के, जेईईसाठी ड्रॉप घेतलाय. पण तो रात्र रात्र व्हिडिओतल्या नको त्या वस्तू पुसत बसतो, म्हणून लॅपटॉप कपाटात कुलूपबंद. ‘एआय हे एका बटणात करतं, यात करिअर कसलं? तुम्हीच त्याला समजवा.’

साहेब, पत्र दोनदा वाचलं. टक्के, पर्सेंटाइल, क्लासची फी, सगळं लिहिलंत. मुलगा काय म्हणतो, याची एक ओळ नाही. आणि ‘तीन आठवडे तो माझ्याशी बोलत नाही’ हे ताजा कलम म्हणून शेवटी! माझ्या पोटात गोळा आला तो तिथे. ६८ टक्क्यांतून वाट निघते. घरात मुकाट जेवून उठणाऱ्या मुलाची मला जास्त काळजी वाटते. कुलपानं अभ्यास होत नाही, राग मात्र साठतो.

ताईच्या लग्नाच्या व्हिडिओत अंतरपाटासमोरून गेलेला वाढपी त्यानं काढून टाकला, असं तुम्ही ओघात लिहिलंत. सहा सेकंदांचा तुकडा म्हणजे सेकंदाला २५ प्रमाणे १५० फ्रेम, म्हणजे १५० स्थिर चित्रं. त्या माणसामागचा अंतरपाट पुढच्या-मागच्या फ्रेममधून आणून बसवायचा. कॅमेरा हलतोय, कापडही हलतंय, त्यावर वाढप्याची सावली पडलीय, तीही काढायची. जरा चुकलं की तेवढीच जागा फडफडते. तुम्ही ते पाहिलंत का हो?

आता बटणाचं. आफ्टर इफेक्ट्स या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये तसं बटण २०१९ पासून आहे. झाकलेली जागा दुसऱ्या एखाद्या फ्रेममध्ये उघडी दिसत असेल, तर ते छान चालतं. जी जागा कुठेच दिसत नाही, तिथे एआयसुद्धा अंदाजच बांधतं. तो अंदाज पडद्यावर खपेल की नाही, हे ठरवायला नजर लागते. जुने चित्रपट दुरुस्त करताना तर फार जपावं लागतं. फिल्मवरचा ओरखडा समजून यंत्र पावसाचे थेंबही पुसून टाकू शकतं.

तुमची भीती मात्र अगदीच खोटी नाही. कलाकाराला उचलून धरणाऱ्या तारा पुसणं, रोटो करणं (फ्रेमगणिक आकृतीची कड आखून ती वेगळी करणं) ही शिकाऊ कामंच यंत्र आधी खातंय. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर ही चित्रपटांचे व्हिज्युअल इफेक्ट्स करणारी मोठी कंपनी कोसळली, तेव्हा मुंबई-बंगळुरूतले कितीतरी कलाकार अचानक घरी बसले. त्यामुळे नुसतं सॉफ्टवेअर शिकवणारा, ‘शंभर टक्के नोकरी’वाला लाखांचा कोर्स मुळीच नको. त्याला चित्रकला, फोटोग्राफी आणि थोडं प्रोग्रॅमिंग शिकू द्या. डिझाइनसाठी यूसीड किंवा एनआयडीची प्रवेशपरीक्षा, कलेच्या पदवीसाठी बीएफएची सीईटी, इंजिनिअरिंगच हवं तर एमएचटी-सीईटी; या वाटा आहेतच, त्यांचं नंतर बोलू.

आज जेवणं झाली की कपाट उघडा. ते सहा सेकंद आधी मूळचे आणि मग त्यानं केलेले दाखवायला सांगा. वाढपी नेमका कुठून गेला होता, ते ओळखायचा प्रयत्न करा. आणि मला पुढचं पत्र त्याला लिहू द्या.