लाल-पिवळा शेला आणि आजोबांचा अबोला

जर्मनीहून एका आईचं पत्र आलंय. माहेर शहापूर, सासर अनगोळ, म्हणजे दोन्ही घरं बेळगावातलीच. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग देते.

"आमच्या इमारतीत धारवाडकडचं एक कन्नड कुटुंब राहतं. त्यांची मुलगी आणि माझा मुलगा एकाच वर्गात. १ नोव्हेंबरला त्यांनी कर्नाटक राज्योत्सवाच्या जेवणाला बोलावलं, आम्ही गेलो. तिथं सगळ्या मुलांच्या गळ्यात कन्नड झेंड्याच्या रंगांचे लाल-पिवळे शेले घातले, माझ्या नऊ वर्षांच्या मुलाच्याही. मी हौसेनं फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. बेळगावातली आपली मराठी माणसं ती तारीख काळा दिवस म्हणून पाळतात, ते मला माहीत नाही असं नाही, पण इथं आल्यापासून ती तारीख मनातून गेलीच होती. तेव्हापासून सासरे फोनवर येत नाहीत. सासूबाई म्हणाल्या, ते त्या दिवशी काळा सदरा घालून निषेधाच्या फेरीला गेले होते, परत आल्यावर फोटो बघितला आणि न जेवता झोपले. मुलगा सारखा विचारतो, आजोबा माझ्यावर का रागावले? आणखी एक. दिवाळीत दारात रांगोळीचं स्वस्तिक काढलं होतं. समोरच्या वयस्कर बाई ते बघून थबकल्या, आणि आता जिन्यात भेटल्या तरी बोलत नाहीत. पुढच्या वेळी काढू की नको?"

ताई, आधी आजोबांचं बघू.

त्या फोटोत त्यांना नातू दिसलाच नसणार, शेला तेवढा दिसला असणार. त्यांचं वय तुम्ही पंच्याहत्तर लिहिलंय. १ नोव्हेंबर १९५६ ला, चंदगड तालुका वगळून, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला तेव्हा ते पहिली-दुसरीत असतील. त्याच वर्षी १७ जानेवारीला या विलीनीकरणाविरुद्धच्या आंदोलनात झालेला गोळीबार त्यांनी घरातल्या मोठ्यांच्या तोंडून ऐकला असेल. १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धच्या आंदोलनात माणसं गेली, तेव्हा ते ऐन पस्तिशीत होते. त्या हुतात्म्यांच्या हिंडलग्याच्या स्मारकावर दर १ जूनला जाणाऱ्यांत ते असतात का, हे एकदा सासूबाईंना विचारा. मधे सीमावादावर महाजन आयोग झाला, २००४ पासून सीमाभागासाठी महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, २०१४ ला गावाचं सरकारी नाव बेळगावी झालं, २०२० च्या डिसेंबरात महापालिकेसमोर लाल-पिवळा झेंडा उभा राहिला. हे सगळं त्या एका कापडाला चिकटून त्यांच्यापर्यंत पोचतं. त्यांना "बाबा, साधा शेला तर आहे" असं चुकूनही म्हणू नका.

आता तेच कापड तुमच्या शेजारणीच्या बाजूनं बघा. कन्नड माणसाला त्या दोन रंगांत अरिशिन-कुंकुम दिसतं, म्हणजे आपलं हळदी-कुंकू. घरात आलेल्या पोराच्या गळ्यात ते घालणं ही तिच्या लेखी माया आहे. आपण आलेल्या सवाशिणीला हळदी-कुंकू लावल्याशिवाय सोडतो का? तिनं तेच केलं. रंग तेच, हात तसाच मायेचा, पण फोटो साडेसहा-सात हजार किलोमीटर ओलांडून अनगोळात पोचला तेव्हा अर्थ पार बदलून गेला.

अर्थ कापडात नसतो. बघणाऱ्यानं त्या कापडाबरोबर काय काय सोसलंय, त्यात असतो. ही गोष्ट सीमाभागातल्या माणसाला पुस्तकातून शिकावी लागत नाही.

आमच्या गल्लीत, भिंतीला भिंत लागून, एक कन्नड घर होतं. त्या बाईंना आम्ही अक्का म्हणायचो. हा शब्द त्यांचाही, आपलाही. त्या मला ताई म्हणायच्या. कन्नडमध्ये तायि म्हणजे आई, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं, या एवढ्या मोठ्या बाई मला आई का म्हणतात? दसऱ्याला संध्याकाळी त्या दारात यायच्या. ओल्या केसांचा अंबाडा, त्यात अबोलीचा गजरा, आणि मुठीत शमीची बारीक बारीक पानं. ती पानं माझ्या आईच्या तळहातावर ठेवून म्हणायच्या, "बन्नि तगोंडु बंगारदांग इरोण." बन्नि घ्या, सोन्यासारखं राहू या. आई त्यांच्या हातात आपट्याचं पान ठेवायची आणि म्हणायची, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." दोन भाषा, दोन झाडं आणि म्हणणं एकच. खूप नंतर, कन्नड नीट यायला लागल्यावर कळलं की बन्नि हे शमीचं नाव आहे आणि "या, आत या" असं आदरानं बोलावण्याचा शब्दही तोच. म्हणजे पान हातात देताना त्या आपसूकच दार उघडत होत्या. मला अजून तो शब्द ऐकला की शमीचा ओलसर वास येतो.

आणि शहाऐंशीला गल्लीत दगड पडत होते, दुकानं बंद होती, तेव्हा याच अक्कांनी परसदारच्या भिंतीवरून माझ्या धाकट्या भावासाठी दुधाचं भांडं दिलं. एक शब्द बोलल्या नाहीत. आम्हीही नाही.

म्हणून सांगते, तुमच्या सासऱ्यांचं भांडण कन्नड भाषेशी असेल असं मला वाटत नाही. मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जाऊन आलेली आमच्याकडची माणसं कपाळभर पिवळा भंडारा लावूनच परततात, तो पिवळा कुणालाच खुपत नाही. जेजुरीला आपण "येळकोट येळकोट" म्हणून गर्जना करतो, तो एळु कोटि, सात कोटी, हा कन्नड आकडा आहे. जेवताना वाढतो ते तूप म्हणजे कन्नडचं तुप्प. ज्ञानोबांनी विठ्ठलालाच कानडा म्हटलं. हे सगळं सासऱ्यांना तुमच्या-माझ्याहून जास्त माहीत असेल. त्यांना डाचते ती सक्ती. आपल्या जमिनीच्या उताऱ्यावर, आपल्या पोराच्या शाळेत, दुकानाच्या पाटीवर आपली भाषा मागावी लागते, ते डाचतं. नातवाच्या गळ्यात तो रंग बघून त्यांना वाटलं असेल की आता घरातूनही आपली भाषा गेली.

तेव्हा असं करा. रविवारी दुपारी साडेतीनला फोन लावा, बेळगावात रात्रीचे आठ वाजलेले असतात, जेवणाआधीची वेळ. मुलाला "सॉरी म्हण" असं सांगू नका, त्यानं काही चूक केलेली नाही. त्याला विचारू द्या, "आजोबा, एक नोव्हेंबरला तुम्ही काळा सदरा का घालता?" एवढंच. आणि मग तुम्ही मधे बोलू नका. गोष्ट लांबेल, लांबू द्या. आपल्या घराची ही गोष्ट मुलाला आजोबांकडूनच कळायला हवी. त्यांचं सांगून झालं की मग मुलानं शेल्यात काय बघितलं ते त्याला सांगू द्या. त्याला त्यात मैत्रिणीच्या आईचा हात दिसला होता. आजोबा लगेच हसतील असं नाही, पण फोनवर येतील.

शेजारणीलाही हे मोकळेपणानं सांगा. आमच्या बेळगावात ही तारीख दुःखाची आहे, म्हणून त्या दिवशी आम्ही येणार नाही, दसऱ्याला नक्की येऊ. धारवाडची बाई आहे, तिला निम्मं आधीच माहीत असेल. माझं स्पष्ट मत विचाराल तर एक नोव्हेंबरला मुलाला पाठवू नका. बाकी वर्षभर त्या घरात त्याला हवं तेवढं जाऊ दे, कन्नड शिकू दे, मला त्याचा आनंदच होईल.

आता स्वस्तिकाचं. सु आणि अस्ति, बरं असो, एवढा साधा आशीर्वाद. पण जर्मनीत नाझी पक्षानं १९२० मध्ये तशीच वाकड्या हातांची खूण आपल्या झेंड्यावर घेतली आणि तिच्याखाली साठ लाख ज्यू मारले गेले. आजही तिथं ती खूण नाझींची म्हणून मिरवणं कायद्यानं गुन्हा आहे. धर्मासाठी काढलेल्या स्वस्तिकाची गोष्ट वेगळी, पण जिन्यातून जाणाऱ्याला ते कसं कळावं? अनगोळच्या दुःखाची आणि त्या संहाराची मी बरोबरी करत नाही, कुणी करूही नये. तरी दारात थबकलेल्या त्या बाईंकडे बघताना तुमच्या सासऱ्यांची आठवण ठेवा. त्या बाईंना तुमची रांगोळी दिसलीच नाही.

काहीजण म्हणतील, आपली खूण हजारो वर्षं जुनी, आपण का लपवायची? लपवू नका. देव्हाऱ्यासमोर काढा, चोपडीवर काढा, मुलाला अर्थ सांगा. आणि मोठा झाल्यावर त्या दुसऱ्या खुणेचा इतिहासही सांगा, शाळेत वर्गासमोर पहिल्यांदा कळायला नको. दारात मात्र ठिपक्यांची रांगोळी काढा, ज्ञानकमळ काढा, गोपद्म काढा, लक्ष्मीची पावलं काढा. आणि फराळाचं ताट घेऊन त्या बाईंकडे जा. चकली देऊन झाली की सांगा, ती खूण आमच्याकडे शुभ मानतात, तुम्हाला त्रास झाला याचं वाईट वाटतं. "आमचं वेगळं, तुमचं वेगळं" असा वाद तिथं घालू नका.

संक्रांत जवळ येतेय. आपण म्हणतो, तिळगूळ घ्या, गोड बोला. तिकडे म्हणतात, "एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि", म्हणजे तीळ-गूळ खाऊन चांगलं बोला. मुलाला आजोबांसाठी तिळगुळाचं पाकीट करायला लावा. वर मराठीत त्यानं लिहावं, आणि त्याखाली त्याच्या मैत्रिणीनं कन्नड लिपीत. आजोबांना कन्नड वाचता येतं, त्यांच्या पिढीत बहुतेकांना येतं. पोस्टाला वेळ लागतो, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच टाका.