दारव्ह्याच्या लग्नाचे फोटो असलेलं कार्ड चुकून फॉरमॅट झालं, परत मिळतील का?

भाऊ, त्या कार्डावर त्यानंतर एकही फोटो काढला नसेल तर बहुतेक मिळतील. आधी कार्ड कॅमेऱ्यातून काढा आणि आकारानं मोठं एसडी कार्ड असेल (नखाएवढं मायक्रो नव्हे) तर बाजूची लॉकची खिट्टी लावून ठेवा.

साध्या फॉरमॅटमध्ये फोटो पुसले जात नाहीत, फक्त त्यांची यादी जाते. सातबारा फाटला म्हणून वावर कुठं जात नाही, तसंच. पण त्यावर नवीन पेरणी केली, म्हणजे नवे फोटो काढले, की जुनं खरंच जातं.

फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर घ्या. ते यादी न बघता जेपीईजीच्या, म्हणजे फोटोच्या फाईलच्या, खुणा शोधून फोटो उचलतं. फोटोंची मूळ नावं मात्र येत नाहीत, आणि व्हिडिओ पुष्कळदा तुटके निघतात. सापडलेले फोटो त्याच कार्डावर कधीच साठवू नका, लॅपटॉपमध्ये घ्या. वेळ लागतो, म्हणून लाईट जायच्या आधी बॅटरी पूर्ण भरून बसा.

कार्ड लॅपटॉपला दिसतच नसेल तर वारंवार काढ-घाल करू नका. ते काम नागपूर-अमरावतीच्या रिकव्हरीवाल्याचं. पैसे आधी ठरवा. माझ्या बहिणीच्या हळदीचे फोटो मी असेच परत मिळवले, म्हणून कळकळीनं सांगतो: फोटो परत मिळेपर्यंत त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका.