मेनॉमिनी काउंटी समजून घेताना

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मेनॉमिनी काउंटीचा (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा भाग) नकाशा उघडलास की गावं शोधत बसू नकोस. केशिना, निओपिट अशी मोजकीच आहेत. आधी जंगल बघ. ही काउंटी आणि मेनॉमिनी या मूळनिवासी जमातीचं, म्हणजे ‘रानतांदळाच्या लोकां’चं, राखीव क्षेत्र जवळपास एकच. १९५४च्या कायद्यानं सरकारनं जमातीची मान्यता काढायचं ठरवलं, त्यातूनच १९६१मध्ये काउंटी झाली. जमातीतल्याच कार्यकर्त्या एडा डीअर आणि त्यांच्या सोबत्यांनी झगडून १९७३मध्ये मान्यता परत मिळवली. माझं ऐकशील तर हा इतिहास आधी वाच, त्याशिवाय तिथलं काहीच उमगत नाही. निओपिटची लाकूडगिरणी १९०८पासूनची, तरी झाडी अजून दाट आहे. आजारी, पडलेली झाडं आधी काढतात. वुल्फ नदीकाठी जाशील, पण रानात शिरण्याआधी जमातीच्या कार्यालयात परवानगी विचार.