चिंता आणि झोपेसाठी अश्वगंधा, ब्राह्मी की जटामांसी?

तुमचं म्हणणं असं की रात्री छातीत धडधडतं, झोप लागत नाही, गोळ्या नको आहेत, तर या तिघींपैकी काय घेऊ, कारण "आयुर्वेदिकचा तसाही काही अपाय नसतो". या शेवटच्या वाक्यामुळेच उत्तर लिहायला घेतलं.

पुण्यात रविवार पेठेत आमचं काष्ठौषधींचं दुकान आहे. आधी अण्णा बसायचे, आता दादा बसतो. नीमचहून अश्वगंधेची पोती आली की अण्णा मूठभर मुळं काढून एकेक मोडून बघायचे. करंगळीएवढं जाड, कट्कन मोडणारं, आत पांढरं आणि पिठूळ असेल तेच ठेवायचे. बारीक, तंतुमय माल परत जायचा. आणि गिऱ्हाईक कितीही घाईत असो, तराजूला हात लावण्याआधी त्यांचा प्रश्न ठरलेला: "दुसरं काय औषध चालू आहे?" दादा हे विचारत नाही. त्याचं मत तुमच्यासारखंच आहे, गुण आला तर आला, नाही आला तरी बाधत नाही.

काका गेल्यावर काकू फार अस्वस्थ असायच्या. रात्र रात्र जाग्या. दादाने त्यांना अश्वगंधेचं चूर्ण सुरू केलं, सकाळ-संध्याकाळ चमचाभर, दुधातून. सुरुवातीला झोप लागायला लागली, हे मी नाकारत नाही. पण नंतर त्यांच्या हाताला कंप सुटला. चहा घेताना कपबशी वाजायची. घाम यायचा, छाती धडधडायची, ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले इतक्या वाळल्या. दादा म्हणाला, चिंता वाढलीय, मात्रा वाढवा. मात्रा वाढवली, तसा त्रासही वाढला.

काकूंना वर्षानुवर्षं थायरॉइडची गोळी चालू आहे. अश्वगंधेने काहींच्या शरीरात थायरॉइडचं संप्रेरक वाढतं, हे माझ्या वाचनात होतं. म्हणून मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. रक्तातला टीएसएच जवळजवळ शून्यावर आलेला; थायरॉइडचं संप्रेरक जास्त झालं की हा आकडा खाली जातो. गोळी तेवढीच होती, नवीन होतं ते फक्त चूर्ण. डॉक्टरांनी चूर्ण बंद करायला सांगितलं, काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा केली, आकडा जागेवर यायला लागला आणि कपबशीही वाजायची थांबली. दादा अजून म्हणतो, योगायोग.

योगायोग कसला? ज्या मुळाने झोप लागते ते मूळ शरीरात काहीतरी करतंच ना! सर्पगंधेचंच घ्या. मेंदूविकार आणि रक्तदाबावर तिचा उपयोग होतो, असं 1931 साली कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी छापलं. 1949 साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचे अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडले, आणि जगाचं लक्ष गेलं. 1952 साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपीन हे द्रव्य वेगळं काढलं, मनोरुग्णांनाही ते दिलं जाऊ लागलं. मग लक्षात आलं की ते घेणारे काही जण खोल उदासीत जातात. झाडपाला म्हणून हसणाऱ्यांना हे उत्तर आहे आणि झाडपाला म्हणून निर्धास्त असणाऱ्यांनाही. अण्णा वैद्यांच्या चिठ्ठीशिवाय सर्पगंधा देत नसत. तुम्हीही झोपेसाठी ती आपल्या मनाने घेऊ नका.

आता तुमच्या तिघी. ताणावर सगळ्यांत जास्त चाचण्या अश्वगंधेच्या आहेत. बहुतेक लहान, दोन-तीन महिन्यांच्या. अनेकींत 300 मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा देतात. ताण आणि झोप या दोन्हींत थोडाफार फरक दिसतो. चूर्ण आणि अर्क यांची मात्रा वेगळी, डबीवरचा आकडा चमच्याला लावू नका. मूळच घ्या, पानं मिसळलेला माल नको. डेन्मार्कने 2023 मध्ये अश्वगंधेवर बंदीच घातली. मला ते टोकाचं वाटतं. पण तिथल्या लोकांनी उगाच घातली, हे दादाचं म्हणणंही मला पटत नाही.

ब्राह्मी म्हणून आपल्याकडे दोन वनस्पती विकतात: जाडसर बारीक पानांची नीरब्राह्मी, आणि गोल, मूत्रपिंडाच्या आकाराच्या पानांची मंडूकपर्णी. कोकणात परसदारी ओलीला असते ती बहुधा दुसरी. अभ्यास झालेत ते जास्त करून पहिलीचे, तेही स्मरणशक्तीसाठी. आज घेतली आणि उद्या शांत वाटलं, असं होत नाही. रिकाम्या पोटी काहींना मळमळतं.

जटामांसी माझ्या आवडीची. केसाळ तपकिरी कंद हातात घेतला की वास दिवसभर बोटांना राहतो. अण्णा रात्री पाण्यात भिजवून सकाळी गाळून द्यायचे. पण ती हिमालयात फार उंचावर वाढते, मुळासकट उपटली जाते आणि आता नामशेष व्हायच्या वाटेवर आहे. स्वस्तात मिळाली तर ती जटामांसी नसण्याचीच शक्यता जास्त.

हे आधी लिहायला हवं होतं: गरोदर असाल, अंगावर दूध पाजत असाल, यकृताचा किंवा थायरॉइडचा त्रास असेल, झोपेच्या गोळ्या किंवा दारू चालू असेल, तर अश्वगंधा आपल्या मनाने घेऊ नका. घेताना डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. मी वैद्य नाही, दुकानात वाढलेली आहे. तुमची धडधड नुसत्या ताणाचीच आहे हे कुणी तपासलंय का? आधी टीएसएच, हिमोग्लोबिन आणि ईसीजी करून घ्या. जगणं नकोसं वाटत असेल तर चूर्णाच्या वाटेला न जाता 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर आजच बोला, मराठीत बोलता येतं.

एवढं करून अश्वगंधा घ्यायचीच असेल तर दुकानदाराला चालू असलेली सगळी औषधं सांगा, त्याने विचारलं नाही तरी. दादाच्या दुकानात आलात तरीसुद्धा.