मिनिटॅबचं लायसन्स रिन्यू करावं की 'आर'वर जावं?

तुमच्या प्रश्नात "फुकटच्या सॉफ्टवेअरवर ऑडिटर विश्वास ठेवतील का?" हे वाक्य नसतं तर मी लिहायला बसलोच नसतो. नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात क्वालिटी सांभाळत होतो तेव्हा हेच वाक्य मी उठता-बसता ऐकलंय.

सातपूरला तुमचं मशीनिंगचं काम आहे, मिनिटॅब या आकडेवारीच्या विकतच्या सॉफ्टवेअरच्या तीन लायसन्सचं रिन्युअल तोंडावर आलंय, आणि त्याऐवजी 'आर' हे त्याच कामाचं फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं तर पैसे किती वाचतील, पोरांना शिकायला किती वेळ लागेल, ग्राहक चालवून घेईल का, असं तुम्ही विचारलंय. शेवटचं आधी घेतो. चालवून घेतो. त्याच्या खास अटींमध्ये सॉफ्टवेअरचं नाव लिहिलेलं नसेल तर त्याला आकड्याशी मतलब, आणि तो आकडा तुम्ही कसा काढला ते सांगता येण्याशी. आमच्या घोड्याने या दुसऱ्या गोष्टीत पेंड खाल्ली.

२०१९ची गोष्ट. रिन्युअलचं कोटेशन आलं आणि मी साहेबांना म्हटलं, आरवर जाऊ. मीटिंगमध्ये प्रोजेक्टरवर आर उघडलं. उघडल्या उघडल्या ते स्वतःच जाहीर करतं की हे मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि याला कसलीही वॉरंटी नाही, तेही ठळक कॅपिटल अक्षरांत. साहेबांनी तेवढंच वाचलं. "बघा, तेच सांगतायत!" सगळे हसले. वर साहेब म्हणाले, कॉलेजातल्या मास्तरांनी केलेलं सॉफ्टवेअर कारखान्यात कशाला? मी म्हटलं, साहेब, आर ऑकलंडच्या दोन प्राध्यापकांनी केलं हे खरं, पण मिनिटॅबही १९७२ साली पेनसिल्व्हेनियातल्या विद्यापीठात मास्तरांनीच केलेलं आहे. आणि विकतच्या सॉफ्टवेअरचा करार कधी शेवटपर्यंत वाचून बघा, तिथेही कंपनीने आपली जबाबदारी किती आखडून घेतलेली असते ते. हे बोलायला नको होतं. परवानगी मिळाली, पण "जबाबदारी तुमची" या शब्दांसकट.

तीन महिने सुरळीत गेले. किरकोळ त्रास होते. आमचे सुपरवायझर ऑपरेटरांची नावं मराठीत टाइप करायचे आणि विंडोजवर आरमध्ये नावाच्या जागी कंसातले युनिकोडचे आकडे यायचे. (२०२२च्या ४.२ आवृत्तीपासून हा त्रास गेला. आम्ही तेव्हा नावांऐवजी टोकन नंबर टाकून वेळ मारून नेली.)

मग एका शाफ्टच्या बेअरिंग सीटचा पीपीएपी (उत्पादनाआधी ग्राहकाच्या मंजुरीसाठी द्यायचे कागद) गेला. ५-५ रीडिंगचे २५ सबग्रुप, म्हणजे गट. सीपीके (प्रक्रिया मापाच्या ठरलेल्या मर्यादेत किती ऐसपैस बसते तो आकडा, मोठा तेवढा चांगला) आला १.३५, ग्राहकाला हवा होता किमान १.३३. चार दिवसांनी चाकणहून त्यांच्या सप्लायर क्वालिटीवाल्याचा फोन. त्याने आमचाच डेटा मिनिटॅबमध्ये टाकला होता आणि त्याला १.३१ मिळाला होता. पुढचा प्रश्न त्याने अगदी गोड आवाजात विचारला: "सॉफ्टवेअर बदललं आणि पार्ट पास झाला, असं आहे का?"

साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा दार उघडंच ठेवलं होतं, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. "फुकट ते पौष्टिक, नाही का? घ्या आता."

दोन दिवस मी रीडिंग पुन्हा पुन्हा तपासत बसलो. शेवटी कोडं सोडवलं आमच्याकडच्या ट्रेनी मुलीने. स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी केलेली, वर्षभरच झालं होतं तिला. तिने दोन्ही सॉफ्टवेअर बंद केली आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसली. सबग्रुपांची सरासरी रेंज (सर्वांत मोठं वजा सर्वांत लहान रीडिंग) काढून ५ च्या सबग्रुपसाठीच्या २.३२६ या स्थिरांकाने भागली, त्यातून सिग्मा, म्हणजे रीडिंग किती विखुरलीत तो आकडा, मिळाला आणि त्यावरून सीपीके: १.३५. प्रत्येक सबग्रुपचा व्हेरियन्स काढून एकत्र केला: १.३१. आरमधलं आम्ही वापरत होतो ते क्यूसीसी पॅकेज (आरला जोडायचा क्वालिटीच्या कामाचा भाग) मुळात रेंजवरून सिग्मा काढतं. मिनिटॅबचं क्षमता विश्लेषण, तुम्ही काही बदललं नाही तर, पूल्ड स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे सबग्रुपांचे व्हेरियन्स एकत्र करून काढलेला सिग्मा, घेतं. मिनिटॅबमध्ये पर्याय बदलून रेंजवाली पद्धत निवडली की तिथेही १.३५ येत होता. खोटं कोणीच बोलत नव्हतं.

पण मग एवढा फरक का पडला? साधारण बऱ्या डेटात या दोन पद्धती जवळपास सारखंच उत्तर देतात. तिने सतराव्या सबग्रुपवर बोट ठेवलं. त्यात एक रीडिंग बाकीच्या चारांपासून लांब उडालेलं होतं. इन्सर्ट (कापणारं टोक) बदलल्यावर ऑफसेट (नव्या टोकाप्रमाणे मापाची दुरुस्ती) न देता काढलेला पहिला जॉब! टॉलरन्समध्ये, म्हणजे ग्राहकाने दिलेल्या मापाच्या मर्यादेत, बसत होता म्हणून कोणी थांबलं नाही. व्हेरियन्समध्ये सरासरीपासूनच्या अंतराचा वर्ग घेतात, त्यात असं एखादं रीडिंग फुगतं, म्हणून पूल्ड सिग्मा जास्त वाढला आणि रेंजवाला कमी. रेंज चार्टवर (प्रत्येक सबग्रुपची रेंज दाखवणारा आलेख) तो ठिपका सरळ सरळ नियंत्रण मर्यादेबाहेर होता, म्हणजे प्रक्रिया स्थिर नव्हती. प्रक्रिया स्थिर नसताना सीपीके काढायचाच नसतो, हे तुम्हालाही माहीत आहे. चार्ट दोन्ही सॉफ्टवेअर दाखवत होती. आम्ही बघितला नाही, चाकणवाल्यानेही नाही. म्हणजे १.३१ आणि १.३५ दोन्ही बिनकामाचे होते आणि आम्ही त्यांच्यावरून भांडत होतो.

इन्सर्ट बदलण्याची पद्धत सुधारून डेटा नव्याने घेतला, सीपीके आरामात पास झाला, तोही दोन्ही पद्धतींनी. तरी पुढच्या महिन्यात साहेबांनी मिनिटॅब रिन्यू केलं आणि कारण म्हणून फाइलवर लिहिलं, "आर विश्वासार्ह नाही."

तर तुमचं. पैसे: लायसन्सचे वाचतील, पण त्यातले निदान निम्मे पहिल्या वर्षी माणसांवर घालवायची तयारी ठेवा. तीन लायसन्सपैकी रोज किती उघडली जातात ते आधी मोजा, एखादं बहुतेक धूळ खात असेल. मी असतो तर दोन सोडली असती आणि एक वर्षभर ठेवलं असतं, नुसतं पडताळणीसाठी. जुने दहा-बारा रिपोर्ट आरमध्ये पुन्हा काढा. जिथे आकडा जुळणार नाही तिथे का जुळत नाही ते कागदावर लिहा, सही करा, ऑडिटच्या फाइलला लावा. सीपीकेखेरीज क्वार्टाइलही (डेटाचे चार समान भाग पाडणारे आकडे) जुळणार नाहीत: आरमध्ये त्यांच्या नऊ पद्धती आहेत, आपोआप सातवी लागते आणि मिनिटॅब सहावी वापरतं. गटांत रीडिंगची संख्या असमान असलेल्या डेटावर अनोव्हा (गटांच्या सरासरीतला फरक तपासण्याची पद्धत) केलात तर आर साध्या आदेशाने फरकांच्या वर्गांची बेरीज एकेक घटक घेत क्रमाने काढतं, घटकांचा क्रम बदलला की उत्तर बदलतं. गेज आर अँड आरमध्ये (मोजमापातच किती फरक पडतो त्याची चाचणी) ६ सिग्मा घेताय की जुना ५.१५ तेही बघा.

हे सगळं विकतच्या सॉफ्टवेअरमध्येही कोणीतरी ठरवलेलंच असतं. फक्त तिथे तुम्हाला कोणी विचारत नाही.

वेळ किती लागेल ते तुमची पोरं बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. एकाच माणसाला आर शिकवू नका एवढं नक्की, तो नोकरी सोडून गेला की तुमच्याकडे कोणालाही न वाचता येणाऱ्या चाळीस स्क्रिप्ट उरतील. पॅकेजच्या आवृत्त्या गोठवून ठेवा. आणि हो, औषधांच्या किंवा वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीला पार्ट देत असाल तर व्हॅलिडेशनचं (सॉफ्टवेअर बरोबर चालतं हे कागदोपत्री सिद्ध करण्याचं) काम बरंच मोठं आहे, माझं वरचं सगळं वाहनांच्या सुट्या भागांपुरतं धरा. मिनिटॅब वाईट आहे असंही मी म्हणत नाहीये. शॉप फ्लोअरवरच्या माणसाला ते दोन दिवसांत येतं, आर येत नाही.

साहेब आता निवृत्त आहेत. मागच्या महिन्यात गंगापूर रोडला मिसळ खाताना भेटले. "काय, अजून तेच फुकटचं वापरता का?" मी म्हटलं, वापरतो, आणि सतराव्या सबग्रुपची आठवण काढली. पावाचा तुकडा रश्श्यात बुडवत त्यांनी विचारलं, "कुठला सतरावा?"